तीन क्लच आणि मामाआजोबांचं मत

द्वारका, नवी दिल्ली
बुधवार, कार्तिक संपत आला

चिरंजीव धोंडीराम यास,

अक्काचा डोक्यावरून हात. (साठी उलटलेल्या माणसाला चिरंजीव लिहू नये, असं तुझी सखुबाई म्हणेल. तिला सांग, मी तुला कडेवर घेऊन जतच्या बाजारात हिंडले आहे आणि तिथे तू माझ्या लुगड्यावर काय काय केलंस तेही मला आठवतं. तेव्हा मायना माझ्या मर्जीनं.) तुझा गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना कटकट वाजतो म्हणाला होतास, तो अजून वाजतो की आता मुकाट्यानं दुखतो? सखुबाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. आता तिला तू अगदी स्पष्ट दिसू लागला असशील, त्याबद्दल तिला धीर दे. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून तेवढं वाचून घे. खरं विचारशील तर खुशाल कोणी नाही. हवा अशी झाली आहे की खिडकी उघडली तर समोरची इमारत दिसत नाही आणि बंद केली तर दिवसभर रिंकूचं तोंड दिसतं. (रिंकू चांगली आहे. सून म्हणून तिच्यात खोट काढायला मला फार कष्ट पडतात. आणि तिलाही दिवसभर माझंच तोंड बघावं लागतं, हेही खरं.)

फोन का केला नाही म्हणशील. तर फोनवर तू नुसता "काय? काय?" करतोस, मग मी ओरडते, मग राजीव आतून विचारतो की मामांशी भांडण झालं का. आणि हे प्रकरण ओरडून सांगण्यासारखं नाही. धोंडू, तू मिसरूड फुटल्यापासून ट्रॅक्टरचे क्लच काढतोस आणि घालतोस. मला एक क्लच निवडून दे. नाहीतर माझा राजवर्धन घर सोडून जातो.

पहिल्यापासून सांगते. राजीवचं हे एकुलतं एक कार्टं, तुझा नातू, मानेसरच्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून लागलं हे तुला माहीत आहे, पेढे खाल्लेस. कंपनीची बस द्वारकेपर्यंत येत नाही, म्हणून त्यानं मोटारसायकल घेतली. मोटारसायकल म्हणजे आपल्या दूधवाल्याची नव्हे. लाल भडक, पुढून टोळासारखी, आणि चालवणाऱ्यानं तिच्यावर असं ओणवं व्हायचं जसं काही खाली पडलेली सुई शोधतोय. मागची सीट मात्र उंच, माळ्यासारखी. मला एकदा त्यानं तिच्यावरून मंदिरात नेलं. मी त्याच्या डोक्यावरून रस्ता बघत होते, हातात नारळ धरलेला, आणि सिग्नलला दोन बायकांनी मला नमस्कार केला. उत्सवमूर्तीसारखी गेले आणि उत्सवमूर्तीसारखीच चौघांनी धरून उतरवली.

तर गेल्या महिन्यात हायवेवरून खाली उतरताना ह्याच्या पुढ्यात एक ऑटो एकदम थांबली. ह्यानं घाईनं भराभर गिअर खाली टाकले, आणि मागचं चाक जागच्या जागी अडलं, टणाटण उड्या मारायला लागलं, गाडी आडवी. देवाची कृपा, मागून काही येत नव्हतं. घरी येऊन मला म्हणाला, "आजी, माझी एल्बो छिलून गेली." मी हळद लावता लावता कोपर, सोलवटलं, खरचटलं असे तीन शब्द दिले, ते त्यानं "आई गं, आई गं" करत घेतले. पण राजीव! राजीव सरकारी हिशेबाच्या खात्यात आहे, त्याला राग आला की तो ओरडत नाही, हुकूम काढतो. त्यानं जेवणाच्या टेबलावर हुकूम काढला की गाडी सुरक्षित झाल्याचं सिद्ध होईपर्यंत ती पार्किंगमधून हलणार नाही. तेव्हापासून पोरगा कारखान्यातल्या दोघांबरोबर टॅक्सी वाटून घेऊन जातो, पण पुढच्या महिन्यात त्याची पाळी बदलते आणि ते दोघे सुटतात. तर त्या हुकमावर हा मान खाली घालून भाजी चिवडत म्हणाला, "पापा, स्लिपर क्लच लगवाना पड़ेगा. नहीं तो फिर मानेसर में ही रूम लेना पड़ेगा." (आमच्या टेबलावर हिंदी चालते. रिंकू रोहतकची, आणि राजीवला तर आता स्वप्नंसुद्धा हिंदीत पडत असतील.)

आता ह्यात माझं काय चुकलं ते तूच सांग. मी दोन वस्तू ऐकल्या. स्लिपर, आणि क्लच. आणि मला ते इतकं पटलं, इतकं पटलं, की मी मनात म्हटलं, लेकरू शेवटी खरं बोललं. पायात ह्याच्या ती गुळगुळीत तळव्याची सँडल, आणि केस वाढवलेत खांद्यापर्यंत, हेल्मेटमधून डोळ्यांवर येतात. म्हणजे पाय घसरला आणि डोळ्यांपुढे केस आले. दुसरं काय होणार? केस वर धरायला बायका तो खेकड्यासारखा चिमटा लावतात, त्याला इथे सगळ्या क्लचच म्हणतात. पोराला पकड असलेली स्लिपर हवी आणि घट्ट बसणारा क्लच हवा, आणि बापापुढे लाजेनं नीट बोलता येत नाही. ह्यासाठी कोणी घर सोडून जातं का? मी दुपारी तो झोपलेला असताना वर्तमानपत्रावर त्याच्या पावलाचं माप काढलं, सेक्टरच्या मार्केटात गेले, दुकानातल्या सगळ्या स्लिपर पालथ्या घालून नखानं त्यांचे तळवे तपासले आणि तपकिरी रंगाचा, आठ दातांचा क्लच घेतला. (काळा त्याच्या केसांत दिसला नसता.)

रात्री जेवताना पुडकं त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, घे राजा, आता कुठे जायला नको. त्यानं उघडलं. स्लिपर बघितल्या, क्लच बघितला, माझ्याकडे बघितलं. राजीवनं चमचा खाली ठेवला. रिंकू "कढी गरम करती हूँ" म्हणून आत गेली आणि आतून कढीचा नव्हे, असा आवाज यायला लागला. राजवर्धन मात्र हसला नाही, धोंडू. त्यानं तिथल्या तिथे स्लिपर पायात घातल्या, क्लच केसांना लावला आणि तसाच खाली सोसायटीच्या बागेत चक्कर मारून आला. वर आल्यावर म्हणाला, "आजी, एकदम फिट आहे." वॉचमननं त्याला सॅल्यूट केला नाही म्हणे त्या दिवशी. असं पोर मानेसरला भाड्याच्या खोलीत टाकायचं? मी त्याच घडीला ठरवलं की खरा स्लिपर क्लच काय असेल तो मी ह्या गाडीला लावून दाखवीन.

मग दुसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवून विचारलं की बाबा, ही वस्तू आहे तरी काय. त्यानं पोळपाट आणि ताटली घेऊन समजावलं, मला कळलं नाही. मग मी फोनवर व्हिडिओ लावले. (एक मुलगा समजावतो, फार जोरात बोलतो, पण हातवारे चांगले.) शेवटी मला कळलं ते मिक्सरवरून. मिक्सरच्या भांड्याखाली ती रबराची चकती असते ना, खोबऱ्याचा तुकडा अडकला की ती जराशी घसरते आणि मोटर वाचते; मी आजवर चार बदलल्यात. तसंच हे. तू गिअर एकदम खाली टाकलास की इंजिन चाकाला मागून ओढतं, थांब म्हणतं. साधा क्लच दोघांना घट्ट बांधून ठेवतो, मग चाक हट्टाला पेटून जागीच अडतं. स्लिपर क्लच तेवढ्यापुरता थोडा सैल पडतो, इंजिनाचा राग ओसरला की पुन्हा धरतो. आमच्या घरात हे काम रिंकू करते. मी एकदम गिअर टाकला की ती "हां जी, मम्मी जी" म्हणते आणि जराशी सरकते, म्हणून तर हे घर अजून आडवं झालेलं नाही. तुझ्या ट्रॅक्टरला असलं काही असतं का? नसणार. ट्रॅक्टरला एवढा समजूतदारपणा कशाला हवा!

राजवर्धनला माझं शिक्षण बघून फार आश्चर्य वाटलं. पण पोरगा स्वभावानं भिडस्त, आजीला त्रास नको म्हणून पावलोपावली मागे सरायला बघतो. म्हणाला, आजी, हा क्लच इथे मिळत नाही, इटलीहून मागवावा लागतो, चार महिने लागतात. तोपर्यंत मी मानेसरला राहीन, तू टेन्शन नको घेऊ. मी म्हटलं, दिल्लीत मिळत नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे. (शुद्ध हवा सोडून.) तर म्हणाला, गाडीची वॉरंटी जाते. मी कपाटातून कागद काढून बघितला, वॉरंटी गेल्या दिवाळीतच गेलेली! तर म्हणाला, पापा ऐकणार नाहीत. मी राजीवला गाठलं, दोन दिवस त्याच्याशी फक्त मराठीत बोलले, आणि तो ऐकला. मी ही बातमी राजवर्धनला दिली तेव्हा पोरगा इतका गहिवरला की त्या दिवशी जेवलाच नाही.

मग आम्ही करोल बागेत गेलो. मेट्रोतून उतरल्यावर तो सारखा मागे रेंगाळत होता, जसा लहानपणी इंजेक्शनला नेताना रेंगाळायचा. तिथे ही दुकानंच दुकानं, छताला हेल्मेटं भोपळ्यासारखी टांगलेली. सगळ्यात आत भसीन म्हणून एकाचं दुकान आहे. माणूस जाडजूड, गिऱ्हाइकाला आधी रागावतो आणि मग विकतो. त्यानं विचारलं, "माताजी, कौन सी गाड़ी है?" मी म्हटलं, लाल. तो म्हणाला, "लाल तो फायर ब्रिगेड की भी होती है." मला माणूस आवडला. त्यानं तीन क्लच काढून काउंटरवर मांडले. मी एकेक हातात घेऊन वजन बघितलं, वाजवून बघितला, वास घेतला. तो म्हणाला, "माताजी, खरबूजा नहीं है." मी म्हटलं, हे सगळं ठीक, पण ह्यातला घसरतो कोणता? तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "तीनों. ये फिसलेगा, तभी तो बच्चा नहीं फिसलेगा." धोंडू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राजवर्धनच्याही आलं असावं, कारण तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

आता तिन्ही वस्तू नीट समजून घे, कारण इथेच माझं डोकं बंद पडलं आहे. पहिला इटलीचा. सोन्याच्या रंगाचा, मखमली डबीत, लग्नात सुनेला दाखवतात तसा उघडून दाखवतात. फार नाजूक नक्षी. आपल्या बाजूच्या लोकांना भुलायला नुसती डबीच पुरते. पण त्याच्या स्प्रिंगा म्हणे रेसच्या मैदानासाठी असतात, आणि हा द्वारका ते मानेसर मार्गावर रेस कुठे करणार, तिथे तर ट्रकच्या मागे बसून डुलक्या येतात. दुसरा तैवानचा. काळा, गंभीर, मितभाषी. कागदावर सगळं चिनी लिपीत. भसीन म्हणतो ह्याच्या स्प्रिंगा कडक, हँडलवरची कळ दाबायला जोर लागतो; म्हणजे रोज गर्दीत दाबून दाबून पोराची बोटं सुजणार, मग ती शेकायची कोणी? तिसरा मानेसरचाच, कारखान्यांच्या मागे कुठल्याशा शेडमध्ये बनलेला. त्याला डबीच नाही, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी विचारलं, हा डुप्लिकेट का? भसीननं कानाला हात लावले. "माताजी, डुप्लीकेट नहीं. भाई है उसका. छोटा भाई." हा सगळ्यात कमी घसरतो म्हणे. आता कमी घसरणं चांगलं की वाईट? रस्त्यावर चांगलं म्हणावं, तर क्लच म्हणून कमी पडणार, मग चाक पुन्हा अडणार का? जास्त घसरणारा घेतला तर गाडी चढावर मागे येणार का? मी हे प्रश्न भसीनला विचारले, तर तो म्हणाला माताजी, तुम्ही इतकं शिकलाय तर काउंटरच्या ह्या बाजूला या. राजवर्धनला विचारलं, तर म्हणतो तिन्हीत काही ना काही खोट आहे, घाई नको. रिंकूला विचारलं, तर म्हणते जो आपको अच्छा लगे मम्मी जी. (सरकली.)

राहिला राजीव. राजीवनं तीन कोटेशनं मागवली, त्यांचा तक्ता केला, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, तांत्रिक मत मागवावे. कोणाचं, म्हटलं, तर म्हणाला, धोंडीराम मामांचं. ते सांगतील तोच बसवू, ते नको म्हणाले तर विषय बंद. लहानपणी तू त्याच्या तीनचाकीला ट्रॅक्टरचं बेअरिंग बसवून दिलं होतंस आणि ती उतारावरून थेट विहिरीच्या काठापर्यंत गेली होती. तेव्हापासून यंत्रांच्या बाबतीत तुझ्याखेरीज जगात कोणावर त्याचा विश्वास नाही. पुढच्या रविवारी सकाळी तो तुला फोन करणार आहे, आणि तुझ्या एका शब्दावर हे घर टांगलेलं आहे.

तू म्हणशील, अक्का, पोरगं चोवीस वर्षांचं घोडं झालं, मानेसर काही काबूल नव्हे, गेला तर गेला. बरोबर आहे तुझं. पण तू जतमध्ये आहेस. तिथे तू शिंकलास तरी मराठीत "काय झालं हो" म्हणणारी चार माणसं आहेत. तुझे दाजी फौजेत सुभेदार होते तोवर कँटात, छावणीत, आजूबाजूला साताऱ्या-सांगलीच्याच बायका, भांडणसुद्धा आपल्या भाषेत मिळायचं. पुढे राजीवच्या सरकारी क्वार्टरसाठी लक्ष्मीबाई नगरला आलो, तिथे एक दोन मराठी घरं होती. इथे द्वारकेत मी राजीवशी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो आणि त्याला ते कळतही नाही. एक राजवर्धन आहे. संध्याकाळी कामावरून आला की ओट्याला टेकून चहा पितो आणि कारखान्यात कोण कोणावर ओरडलं ते मला आपल्या त्या मोडक्या मराठीत सांगतो. त्याला उंबरठा हा शब्द येत नव्हता, मी उंबरठ्यावर उभं करून शिकवला. तो गेला तर ह्या फ्लॅटमध्ये मराठी म्हणून भिंतीवरचं एक कॅलेंडर उरेल, आणि ते काही चहा घेत नाही. मला रात्री झोप लागत नाही, डोळे मिटले की सोनेरी, काळा आणि वर्तमानपत्रातला असे तीन क्लच फिरत राहतात. माझी बुद्धी संपली, धोंडू. कुठला तरी एक सांग. पण सांगच.

सखुबाईला आशीर्वाद, गुडघ्याला तेल, आणि तुला जे काही सुचायचं ते लवकर सुचो.

तुझी थकलेली,
अक्का

ता. क. (गुरुवार) पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज दुपारी घरात कोणी नव्हतं, म्हणून मी भसीनला फोन करून त्याचा माणूस बोलावला. म्हटलं, तू मत दिल्यावर माप चुकलं असं व्हायला नको, आधीच माप घेऊन ठेवावं. त्यानं पार्किंगमध्ये पोतं पसरलं, गाडी कलती केली, उजव्या बाजूचं झाकण उघडलं आणि आत बघून नुसता बसून राहिला. मग त्यानं भसीनला फोन लावला, आणि भसीननं मला सांगितलं, "माताजी, बधाई हो. इसमें तो कंपनी का ही लगा हुआ है. शोरूम से." म्हणजे गाडीत स्लिपर क्लच पहिल्या दिवसापासून आहे! मग पोरगा घसरला कसा, विचारलं. तर त्या माणसानं मागच्या टायरवरून हात फिरवून दाखवला. पार लाटण्यासारखा गुळगुळीत झालेला. (भसीन तीन क्लच विकायला निघाला होता, तेव्हा त्यानंही टायरकडे बघितलं नव्हतं; पण मीही फक्त "लाल" एवढंच सांगितलं होतं.)

मी त्या माणसाला चहा पाजला आणि अशी जिने चढले जशी काही विशीतली आहे. क्लच नको, इटली नको, तैवान नको, एक टायर बदलला की झालं, पोरगं घरात! राजवर्धन तेवढ्यात लवकर परत आला होता, दार लोटलेलं होतं, तो गॅलरीत फोनवर बोलत होता. मी बातमी सांगायला तोंड उघडलं, आणि ऐकलं. म्हणत होता, "भाई, कमरा रोक के रख, मैं आ रहा हूँ. अरे स्लिपर क्लच तो गाड़ी में शुरू से है यार. वो तो मैंने ऐसे ही बोल दिया था, सोचा चार महीने का बहाना मिल जाएगा. मुझे क्या पता था दादी करोल बाग पहुँच जाएँगी." मग जरा थांबला आणि म्हणाला, "नहीं यार, दादी को सीधा नहीं बोल सकता. उनको लगेगा मैं उनको छोड़ के जा रहा हूँ. मुझसे नहीं होगा."

मी तशीच मागे फिरले. स्वयंपाकघरात जाऊन उगाच चार बटाटे सोलले. भाजी कोबीची होती.

मी त्याला काही बोलले नाही. बोलणारही नाही. त्याला वाटतंय आजीला कळलेलं नाही, ते तसंच राहू दे. मला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तोंडावर सांगवत नाही म्हणून पोरानं इटलीपर्यंत धाव घेतली, त्याच्यावर रागवायचं कसं? आणि मी मात्र त्याची एकेक पळवाट शोधून शोधून बुजवत होते, वर त्याचे डोळे भरले म्हणून स्वतःवर खूश होत होते.

ता. क. दुसरा. तर आता वरचं सगळं विसर, आणि हे नीट वाच. रविवारी राजीवचा फोन आला की तुझा तो गॅरेजातला आवाज काढ आणि सांग, तिन्ही क्लच टाकाऊ आहेत. एकही बसवायचा नाही. इटलीहून मागवा, चार महिने लागले तर लागू दे, आणि तोवर पोराला खुशाल मानेसरला राहू दे, रोजची एवढी ये-जा करणं मलाच पसंत नाही, असं म्हण. राजीव तुझं ऐकेल, आणि राजवर्धनला माझ्यापुढे काही बोलावं लागणार नाही. मी थोडी हळहळेन, तेवढं घरात शोभून दिसेल. आणि शेवटी आठवल्यासारखं कर आणि म्हण, मागचा टायर मात्र उद्याच्या उद्या बदला, मामाआजोबांची शपथ आहे. ते तू स्वतःच्या डोक्यानं सांगितलंस असं वाटलं पाहिजे. हे पत्र वाचून झाल्यावर बंबात घाल.

ता. क. तिसरा. रविवारी राजीव फोन स्पीकरवर लावेल, राजवर्धन तिथेच असेल, आणि मीही शेजारी बसलेली असेन. माझा मला भरवसा नाही. तू तिन्ही टाकाऊ म्हणायला लागलास की मी मध्येच "अरे, मानेसरवाला तेवढा काही वाईट नाही" असं काहीतरी बोलून जाईन. तसं झालं तर तू "काय? काय?" करू नकोस. ऐकू आलं नाही असं दाखव, रेंज गेली म्हण आणि फोन ठेवून दे.